दुसरी वाचक

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली.

“या अकरा फुल्या कसल्या गं?”

“जुळलं नाही त्या जागा.”

“तुझं आणि कुणाचं?”

“दुसऱ्या वाचकाचं.”

टेबलावर तिचा पीएच.डी.चा प्रबंध सुट्या पानांत पडला होता; बाई तिच्या मार्गदर्शक. कृष्णवर्णीय लेखिकांच्या सहा इंग्रजी कादंबऱ्या आणि त्यांतले मायलेकींचे चाळीस प्रसंग. प्रत्येकात लेक आईला काहीतरी विचारते. उत्तर मिळालं की नाही, एवढंच नोंदवायचं. एकट्या संशोधकाच्या मतावर विसंबायचं नाही म्हणून तेच प्रसंग आणखी कुणीतरी वेगळे तपासायचे, आणि जिथे जुळत नाही तिथे दोघांनी समोरासमोर बसून एकमत करायचं, असा नियम. प्रबंध उद्या सादर करायचा होता.

“मग बसून घ्या की ठरवून. बोलाव आज दुपारी.”

तिनं पानांचे कोपरे जुळवले. जुळलेलेच होते, तरी पुन्हा जुळवले.

“आई होती ती, बाई.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. तीन महिन्यांपूर्वी त्या तिच्या घरी येऊन तासभर नुसत्या शेजारी बसून गेल्या होत्या.

“त्यांना इंग्रजी कुठे येत होतं?”

“मी मराठीत सांगायचे. ती मशीनवर शिवत असायची. मशीन थांबवून म्हणायची, ‘मिळालं’, नाहीतर ‘नाही मिळालं’. मी विचारलं होतं तुम्हाला, घरातलं कुणी चालेल का. तुम्ही म्हणालात, माणूस शहाणं असलं म्हणजे झालं.”

“म्हणाले होते खरं.”

“अकराही ठिकाणी मी ‘नाही’ लिहिलंय आणि तिनं ‘मिळालं’. बसून बोलू म्हणत होतो, तेवढ्यात तिचा दवाखाना सुरू झाला. काढून टाकते मी ते. एकोणतीस पुरतील.”

“काढायला काय लागतं!” बाईंनी आपली खुर्ची ओढत तिच्या समोर आणली. “आज आईच्या बाजूनं मी बोलते. वाच.”

तिनं पहिलं पान घेतलं.

“लेक विचारते, मला परक्या घरी ठेवून गेलीस तेव्हा तुला काहीच वाटलं नाही? आई गप्प. उठते, आणि लेकीच्या कोटाचं लोंबणारं बटण शिवायला घेते.”

“मिळालं.”

“बाई, तिनं सरळ विषय टाळलाय!”

“आई काय म्हणाल्या होत्या यावर?”

“म्हणाली, अगं, टाळायचं असतं तो माणूस खोलीबाहेर जातो. ही तर सुई घेऊन जवळ आली.”

बाईंनी मान डोलावली. भांडायला फारसं उरलं नव्हतं. तिनं ‘नाही’ खोडून ‘मिळालं’ लिहिलं.

पुढचे काही प्रसंग तिनं झगडून सोडले. दोन ठिकाणी मात्र ती हटून बसली, आणि एका ठिकाणी बाईंनीच हात टेकले.

“इथे आई चुकल्या तुझ्या. ही बया नुसती कोडगी आहे.”

“तिला सगळ्याच आया बिचाऱ्या वाटायच्या.”

दोघी हसल्या. 

अकरावं पान वाचून झालं. ते तिनं हातातच धरून ठेवलं.

“आणि इथे,” ती म्हणाली, “आई पलंगावर आहे. लेक विचारते, तुला भीती वाटतेय का गं? ती काहीच सांगत नाही. लेकीची बाही चिमटीत धरून बघते आणि म्हणते, ‘दोन बोटं सैल झालीय. जेवत नाहीस तू.’”

बाई तक्त्यात प्रसंग शोधू लागल्या. बोट वरून खाली आलं, पुन्हा वर गेलं, आणि मध्येच थांबलं. असा प्रसंग तक्त्यात नव्हताच.

“काय लिहिलंस याला?”

“‘नाही.’ तीन महिने तेच लिहितेय.”

बाईंनी तक्ता बाजूला सारला. मग हळूच म्हणाल्या, “इथेही आईची बाजू मी घेऊ?”

तिनं मान हलवली.

“नको. ही मी घेते.”