पंख्यावरचं नाव

माझ्या लेकीचं, विमलचं लग्न टँकरच्या पाण्यावर लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. साल शहाऐंशी. वऱ्हाड तेरखेड्याहून आलं होतं. हात धुवायला माणशी एक तांब्या पाणी दिलं म्हणून व्याही अजून टोमणे मारतात. त्याच मांडवात आमच्या घोंगडी सोसायटीचे चेअरमन नानासाहेब उभे राहिले आणि म्हणाले, पुढच्या महिन्यापासून एकाही विणकराला घरी काम करावं लागणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी काम करणं हे दुःख असतं, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं.

आम्ही सणगर. घोंगडी विणणं हा आमचा पिढीजात धंदा. माग घरात असतो आणि मागाखाली कमरेइतका खड्डा. खड्ड्यात पाय सोडून बसायचं. भर वैशाखात पत्रा तापला तरी खड्ड्यातली माती गार असते, आणि त्या ओलाव्यानं लोकरीचा धागा मऊ राहतो, तुटत नाही. पहाटे दोन तास विणायचं, ऊन चढलं की ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावायची, दुपारी आडवं व्हायचं, उन्हं कलली की परत बसायचं. कुणी घंटा वाजवत नव्हतं, तरी बाजाराच्या दिवसाआधी घोंगडं उतरत होतं.

माझा थोरला भाऊ आबाराव तर असाच जगत होता. त्याला दमा. धाप लागली की तो आडवा धागा टाकायचा धोटा खाली ठेवायचा, दाराशी जाऊन बसायचा, घोटभर कोरा चहा प्यायचा आणि श्वास बसला की परत खड्ड्यात उतरायचा. असं करत करत गावात सगळ्यात दाट वीण त्याची. लोकर मात्र सोसायटीची. दुष्काळात मेंढरं गेली होती, बाहेर लोकर मिळत नव्हती. सोसायटीनं लोकर दिली तर माग चालणार, नाही तर माग म्हणजे नुसतं लाकूड.

नानासाहेब कुठल्याशा मोठ्या गिरणीची सहल करून आले होते. तिथं त्यांना कळलं की कामगार आनंदी असला तर काम आनंदी होतं. नानासाहेबांनी आयुष्यात धोटा एकदाच हातात धरला, फोटोसाठी, तोही बिनधाग्याचा. पण आमचा आनंद कशात आहे ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यांनी पत्र्याचा मोठा हॉल बांधला. तिथं नवे माग खड्ड्याऐवजी लाकडी चौकटीवर बसवले, कारण खड्ड्यात बसणं माणुसकीला शोभत नाही. भिंतीवर घड्याळ आलं, कोपऱ्यात रेडिओ आला, आरसा आला. दाराशी कुलूप लावलेली सूचना पेटी आली. आणि वर दोन पंखे आले. पंख्यांच्या पात्यांवर लाल रंगात त्यांच्या वडिलांचं नाव होतं. देवळात, शाळेत लोक देणगीच्या पंख्यावर नाव घालतात, तसं.

वेळ नऊ ते पाच. लोकर हॉलमध्येच मिळणार, घरी नेता येणार नाही.

पहिल्याच आठवड्यात धागे पटापट तुटू लागले. वरून पंख्याचं कोरडं वारं, खाली ओलाव्याचं नाव नाही. तुटलेला धागा जोडण्यात अर्धा दिवस जायचा. त्याहून वाईट म्हणजे लोकरीचा भुगा. घरी तो खड्ड्यात बसतो. इथं तो पंख्याबरोबर उडायचा, घिरट्या घालायचा आणि आमच्या नाकातोंडात उतरायचा. आम्ही शिंकत होतो. दादा मात्र दिवसभर चौकटीला धरून बसायचा, मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा.

"दादा, घरी चला," मी म्हणायचो.

"घरी काय विणू, माझी मिशी?" तो म्हणायचा. मग श्वास सापडला की हसायचा. "कोंड्या, हे वारं नानाच्या बापाचं हाय. फुकट मिळतंय, खा."

एक दिवस मी उठून बटण बंद केलं. पात्यांवरचं नाव हळूहळू वाचता येऊ लागलं. तेवढ्यात शिपाई बंडप्पा पळत आला.

"कोंडीमामा, काय करताव? मालकांच्या वडिलांचा पंखा हाय त्यो."

"वडील वारलेत ना?"

"म्हणून तर. बंद केला तर त्यास्नी काय वाटंल?"

त्यानं बटण परत दाबलं. मेलेल्या माणसाला काय वाटेल याची काळजी होती. जो अजून मरायचा होता, त्याची नव्हती.

मी नानासाहेबांकडे गेलो. ते ऑफिसात बसले होते. ऑफिसात पंखा नव्हता, वाळ्याचा पडदा होता, त्यावर पोरं पाणी मारत होती. टँकरचं पाणी.

"मामा, बसा," ते म्हणाले. माझ्या निम्म्या वयाचा माणूस, पण गोड बोलायची सवय. "हॉल कसा वाटतो?"

"हॉल चांगला हाय. दादाला तेवढी लोकर घरी द्या. दमा हाय त्याला. विणून आणून देईल, वीण बघून घ्या."

"एकाला दिली तर सगळे मागतील."

"मग सगळ्यास्नी द्या. न्हाय तर पंखा तरी बंद ठिवा."

ते हसले. "मामा, मी तुम्हाला खड्ड्यातून वर काढलं. तुम्हाला परत खड्ड्यातच जायचंय? बरं, काही अडचण असेल तर पेटीत चिठ्ठी टाका. ती त्यासाठीच आहे."

हॉलमध्ये बावीस माणसं. त्यांतल्या एकवीस जणांना लिहिता येत नव्हतं. मी तेवढा अंबादास गुरुजींच्या प्रौढ वर्गात कंदिलाखाली दोन हिवाळे बसलो होतो, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. माझं नाव आणि गावाचं नाव सोडून मी कधी काही लिहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी बसून मी पहिलं आख्खं वाक्य लिहिलं. 'पंखा बंद करा आबारावला दम लागतो.' गुरुजींना दाखवलं. ते म्हणाले, मध्ये पूर्णविराम हवा. मी पूर्णविराम दिला आणि चिठ्ठी पेटीत टाकली.

पंखा फिरतच राहिला. मग मी दर सोमवारी तेच वाक्य लिहून टाकू लागलो. पावसाळा कोरडा गेला, दिवाळी झाली. माझं अक्षर सुधारलं.

माघात जिल्ह्याचे साहेब हॉल पाहायला आले. नानासाहेबांनी त्यांना घड्याळ, आरसा, रेडिओ सगळं दाखवलं. साहेबांनी पेटीकडे बोट केलं. "सूचना येतात का?"

"पेटी रिकामीच असते साहेब. आमची माणसं समाधानी आहेत."

मी जागेवरून उठलो, पेटी खुंटीवरून काढली आणि हलवली. वाळल्या शेंगांसारखा आवाज झाला. किल्ली कुठं आहे ते नानासाहेबांना आठवेना, म्हणून बंडप्पानं खिळा घालून कुलूप काढलं. बत्तीस चिठ्ठ्या निघाल्या. साहेबांनी पहिली वाचली, दुसरी वाचली, मग बाकीच्या नुसत्या मोजल्या.

दादा समोरच बसला होता. वर पंखा फिरत होता, त्याच्या केसांत लोकरीचा भुगा होता आणि छातीतून शिट्टी वाजत होती. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते नानासाहेबांना म्हणाले, "वा. बत्तीस सूचना. खेड्यातला कामगार इतका सहभाग घेतो, हे मी प्रथमच पाहतोय."

"आम्ही त्यांना आपलं मानतो साहेब," नानासाहेब म्हणाले.

चिठ्ठ्या साहेबांच्या फायलीत गेल्या. नानासाहेबांना आदर्श कार्यशाळेचा चषक मिळाला, पितळेचा, आमच्या इकडच्या वाशीच्या बाजारात मिळतो तसा. घोंगडी मात्र आधीच्या निम्मीसुद्धा उतरत नव्हती. ते चषकावर लिहिलेलं नव्हतं.

दादा उन्हाळा लागेपर्यंत येत राहिला. शेवटच्या दिवशी दुपारी त्याच्या हातातून धोटा पडला. मी त्याला पाठीवर घेतलं. वजन काही उरलंच नव्हतं. घरी नेलं तर म्हणाला, खड्ड्यात बसव. मी बसवलं. त्यानं गार मातीला तळवे टेकले आणि म्हणाला, "आता बरं वाटतंय." त्याच्या बायकोनं, कडूवैनीनं, कोरा चहा केला. तो पिण्याआधीच दादा गेला.

तेराव्याला नानासाहेब आले. दादा सोसायटीचा आधारस्तंभ होता, असं बोलले. आणि त्याच्या स्मरणार्थ हॉलमध्ये तिसरा पंखा बसवायचं जाहीर केलं. पंखा बसलाही. पात्यांवर लाल रंगात नाव आहे, खाली तारीख आहे. वीज गेली की वाचता येतं. तारीख चुकीची आहे. बंडप्पाला सांगितलं तर म्हणाला, फिरताना कुणाला दिसतीय मामा?

म्हणून मी ती इथं नीट लिहितो. आबाराव विणकर सत्याऐंशी सालच्या चैत्र पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, आपल्या मागाच्या खड्ड्यात वारला.