न सावरलेलं वळण

रिमोटवरची नखाएवढी काळी कळ... मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा, ती तुमच्या अंगठ्याखाली आहे आणि जराशी डावीकडे सरकवली, की फरशीवरची हातभर लांबीची विजेवरची गाडी डावीकडे वळते. आत्याने सहा महिने खपून केलेली गाडी. चार चाकांना चार मोटारी, आणि घसरावी म्हणून चाकांवर मुद्दाम गुंडाळलेली गुळगुळीत चिकटपट्टी. गाडी घसरली, की आतल्या यंत्राने एकेका चाकाचा जोर कमी-जास्त करून तिला सावरायचं. सावरतं का, हेच तर बघायचं होतं. उद्या गाडी तपासायला परीक्षक येणार होते, आणि कळ होती अकरा वर्षांच्या भाचीच्या हातात.

"ही फेरीही फुकट!" आत्या संगणकावर उमटलेली गाडीच्या वाटेची रेघ बघत म्हणाली. "यंत्र चालू, गाडी सरळ. यंत्र बंद, तरी सरळ. उद्या दाखवू काय, माझं डोकं?"

"मी काहीच नाही केलं गं."

"तू नाही, तुझ्या अंगठ्याने केलं. बघ, गाडीचं शेपूट जरा हललं, की कळ उलटी. वळवायची आणि तशीच धरायची, बाईसाहेब! मधे पडायचं नाही."

भाचीने अंगठ्याकडे पाहिलं. हा आपणहून...? घरीही असंच. जेवताना बाबांचा आवाज चढतो, आईचा घास हातातच थांबतो, आणि नेमकं तेव्हाच ती म्हणते — मला पाणी हवंय, किंवा वहीवर सही हवीय. तहान नसते, सही कालच झालेली असते. पण दोघं तिच्याकडे वळतात आणि जेवण पुढे सरकतं. न बोलता बसलं तर काय होईल, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. कदाचित काहीच नाही. कदाचित...

"आणि भिंतीवर आपटली तर?"

"आपटू दे. कुठे चुकलंय ते कळेल तरी."

आत्या इतकं सहज म्हणाली, की भाचीला रागच आला. सहा महिन्यांची गाडी, आणि म्हणे आपटू दे!

"यंत्र चालू केलंय. सोड."

गाडी सुटली. खुणेपाशी तिने कळ वळवली. शेपूट हललं, मग चांगलंच बाहेर गेलं — भिंत दोन हातांवर — अंगठ्यातली शीर उडू लागली, मागे घे, मागे घे... तिने कळ तिथेच दाबून धरली, बोट दुखेपर्यंत, आणि डोळे मिटावेसे वाटत असतानाही, या वेळी काय होतं ते बघायला, उघडे ठेवले.