मी, मुद्देमालातला हातोडा

मी एक हातोडा. माझं डोकं पोलादाचं, दांडा लाकडाचा. डोकं भट्टीतून आलं, दांडा माझ्या मालकाने स्वतः तासून बसवला. मालक सुतार. दारं-खिडक्या करायचा. खिळा सरळ गेला तर कौतुक त्याचं, वाकला तर शिवी मला. माणसांची ही रीतच आहे. मी कधी मनावर घेतलं नाही.

त्याच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर मालकाची धाकटी बहीण आणि तिचा नवरा राहत. हा मेहुणा मालकाच्याच हाताखाली काम करी. कामाला चोख, पण राग आला की बायकोवर हात उचलायचा. एका सकाळी बहिणीच्या गालावर वळ दिसले. मालकाने मेहुण्याला दारातच गाठलं.

"पुन्हा तिच्या अंगाला हात लावलास तर डोकं फोडीन!"

शेजारच्या शिंप्याने ते ऐकलं. सगळ्या गल्लीनेच ऐकलं म्हणा ना.

पण काम कुणाच्या भांडणासाठी थांबत नाही. दुपारी दोघं एक चौकट जोडायला बसले. मेहुण्याने ती खालून धरली होती, मालक ठोकत होता. माझा दांडा तेव्हा सैल झाला होता. चहा घेऊन आलेल्या बहिणीला ते दिसलं.

"दादा, अरे हातोड्याचं डोकं हलतंय. आधी पाचर ठोक."

"एवढी चौकट होऊ दे गं."

दोन-चार घाव बसले असतील. माझं डोकं दांड्यावरून निसटलं आणि मेहुण्याच्या कानशिलावर आदळलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

पोलीस आले. पंचनामा झाला. माझं डोकं एका पाकिटात गेलं, दांडा दुसऱ्यात, दोन्हींवर लाखेचं सील. तेव्हापासून मी मुद्देमाल झालो. मालकावर खुनाचा आरोप लागला.

खटल्याच्या दिवशी मी कोर्टाच्या व्हरांड्यात हवालदाराच्या मांडीवर होतो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बहीण बसली होती. तिची सासू जवळ आली.

"माझा पोरगा गेला गं. भावाने मारला, एवढंच म्हण."

ती गेली आणि मालकाचा वकील आला. "ताई, डोकं निसटलं एवढंच सांगा. सैल आहे म्हणून तुम्ही बजावलं होतं, ते कशाला काढायचं?"

बहिणीने दोघांचं ऐकून घेतलं.

आधी शिंप्याने धमकीचं सांगितलं. मग बहीण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. सरकारी वकिलांनी विचारलं, "भावाने धमकी दिली होती?"

"दिली होती."

"आणि दुपारी मारलं?"

"नाही. ठोकताना डोकं निसटलं. मी समोर होते."

"ते सैल आहे, हे त्याला माहीत होतं?"

बहिणीने भावाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"होतं. मीच सांगितलं होतं."

निकाल देताना न्यायाधीशबाई संथपणे बोलल्या. "माणूस मेला, हे खरं. पण तेवढ्याने खून होत नाही. मारायचा हेतू होता, हे सरकार पक्षाने सिद्ध करायचं असतं. आपण निर्दोष आहोत, हे आरोपीने सिद्ध करायचं नसतं. रागात तोंडातून गेलेला शब्द इथे पुरेसा नाही. शंका उरते, आणि तिचा फायदा आरोपीला मिळतो. मात्र धोका ठाऊक असून त्याने काम चालू ठेवलं. तो निष्काळजीपणा आहे आणि त्यात एक जीव गेलाय." मालक खुनाच्या आरोपातून सुटला, निष्काळजीपणासाठी तुरुंगात गेला.

नेताना तो बहिणीजवळ थांबला. "ते एक वाक्य गाळलं असतंस, तर आज घरी आलो असतो."

"दादा, मग तू मारलं नाहीस, हे माझं दुसरं वाक्य कुणी खरं धरलं असतं?"

तो चालू लागला.

मी पोलिसांच्या मालखान्यात फळीवर पडून राहिलो. शेजारी चोरीची सायकल होती, एक फुटका फोन होता. तिथे कुणी दोषी नसतं, कुणी निर्दोषही नसतं. नुसता चिठ्ठीवर क्रमांक असतो.

शिक्षा भोगून मालक मला न्यायला आला. कानावरचे केस पांढरे झाले होते. सोबत बहीण होती. हवालदाराने पुस्तक पुढे सरकवलं. "हत्यार मिळालं, असं लिहिलंय. करा सही."

"अवजार लिहा," मालक म्हणाला.

"एकच की हो ते!"

"एकच नाही, साहेब," बहीण म्हणाली. "सगळा खटला त्याच्यावरच तर चालला."

हवालदाराने मान हलवली, शब्द खोडला, नवा लिहिला. मग मालकाने सही केली. मला उचललं मात्र बहिणीने.

आता मी तिच्या खोलीच्या दाराशी असतो, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. ठोकायला मला कुणी घेत नाही आणि माझी तक्रारही नाही. गल्लीतली माणसं मात्र येता-जाता दाखवतात, "तो बघ, खुनाचा हातोडा." तुमच्या कानावर आलं, तर बोलणाऱ्याला माझ्या वतीने एवढंच विचारा: बाबा रे, निकाल ऐकायला तू कोर्टात होतास का?