वार्निश लावलेला चुनखडीचा तुकडा

मित्रांनो, घ्या ना मला हातात! वीतभर लांब, गोल असा चुनखडीचा जुना तुकडा आहे मी. शंखशिंपल्यांचा चुरा समुद्रतळाशी साचत, दबत गेला आणि त्यातून मी घडलो. माझ्या अंगभर बारीक छिद्रं आहेत आणि खोल जमिनीखाली त्यांत खनिज तेल राहत होतं. खरंच!

एके दिवशी पोकळ ड्रिल गरगरत आलं आणि मला कापून वर घेऊन गेलं. प्रयोगशाळेत तेल धुऊन माझी छिद्रं मोजली. नुसती छिद्रं असून भागत नाही बरं का! ती एकमेकांना जोडलेली हवीत, तरच तेल विहिरीपर्यंत वाहतं. आम्हा चुनखडीवाल्यांचा तर काही नेमच नाही. एक तुकडा भरपूर पितो, शेजारचा ठार कोरडा. म्हणून प्रत्येकाला वेगळं तपासावं लागतं.

काम संपल्यावर मी अमरावतीच्या एका कॉलेजात आलो. रागिणी मॅडम वर्गात माझ्यावर पाण्याचा थेंब सोडायच्या. चटकन गुडूप! मुलं टाळ्या वाजवायची आणि मी असा फुगायचो! मला रोज पुसणारे कॉलेजचे शिपाई जानरावकाका मात्र तेव्हा वर्गाबाहेर असायचे.

यंदा मॅडमची विद्यार्थिनी दामिनी हिने अकोल्याच्या विज्ञान स्पर्धेसाठी माझ्यासारखे सात तुकडे निवडले. आधी कोरडं वजन, मग भिजवून वजन. वजन जेवढं वाढेल, त्यावरून आतली जागा कळते. सहा झाले. सातवा मी, सगळ्यात जास्त पिणारा.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या तपासणीला पाहुणे येणार होते. मी चकचकीत दिसावा म्हणून काकांनी कपाटाला लावून उरलेलं वार्निश मला लावलं. चांगले दोन हात!

दामिनीने मला पाण्यातून काढलं. वजन होतं तेवढंच.

"काका, हे काय केलं?"

"काहून वं? शोभून नाही राहिला का?"

"अहो, त्याले पानी प्याचं होतं!"

"दगड कुठं पानी पेते, पोरी?"

तिने दुसऱ्या तुकड्यावर थेंब टाकून दाखवला. काका स्टुलावर बसलेच. "वीस वर्सं पुसून राहिलो मी. मले कोनंच नाही सांगतलं वं."

स्पिरिटने घासूनही उपयोग झाला नाही, वार्निश छिद्रांच्या तोंडाशी मुरलं होतं. दामिनीच्या तक्त्यात माझी चौकट रिकामी राहिली.

"जानरावनं खराब केला, असं लिही तिथं," काका म्हणाले.

"नाही काका. आमी तुमाले सांगतलं नाही, असं लिहून राहिली मी."

माझी छिद्रं आत अजून शाबूत आहेत, फक्त दारं लिंपली गेलीत. मित्रांनो, तुमच्या शाळेतही वस्तू पुसणारं, जपणारं कोणीतरी असेलच. त्यांना बोलवा आणि ती वस्तू कशासाठी आहे, हे आजच सांगा.