डेनिसच्या खालची अकरा नावं

फोनच्या साखळीचा नियम मीच घालून दिला होता. समोरच्याने निरोप उलट म्हणून दाखवल्याशिवाय त्याच्या नावापुढे खूण करायची नाही. आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवला, तर तो फोन झालाच नाही असं धरायचं. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, एवढं तरी मला कळतं. गटातली पोरं हसायची. "आई, तू शाळेतल्यासारखं पाठ म्हणायला लावतेस!" हसा म्हटलं, पण म्हणा.

आमचा गट एड्स झालेल्यांसाठी भांडायचा. तेहतीस माणसं. मी तिघांना फोन करायचा, त्या तिघांनी आपापल्या खालच्यांना. तिघांतला एक डेनिस, माझा मुलगा. त्याच्या खाली अकरा नावं. ऑक्टोबरात डेनिस गेला, आणि डेनिसच्याच फ्लॅटमधून ते अकरा फोन कर्टिस करू लागला. कर्टिस म्हणजे डेनिसचा जोडीदार, तिथेच राहणारा. म्हणून यादीतलं नाव मी बदललं नाही. नंबर तोच होता ना. मी स्वतःला असंच सांगितलं. त्या अकरांतल्या आजाऱ्यांना डेनिस गेल्याचं कर्टिसने सांगितलं नाही, मीही नाही.

जानेवारीत कर्टिस काउंटी हॉस्पिटलात, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, एड्सच्या वॉर्डात दाखल झाला. बारा खाटांचा वॉर्ड, त्याची सातवी. मी रोज दुपारी त्याला सूप भरवायला जायचे. तो घरी नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

फेब्रुवारीत काउंटी बोर्डाने तो वॉर्ड बंद करायचं काढलं. मतदान गुरुवारी, सकाळी दहाला. शहरातलं एकही नर्सिंग होम कर्टिसला घ्यायला तयार नव्हतं. वॉर्ड गेला तर त्याला उत्तरेला बापाकडे जावं लागणार होतं, आणि त्या बापाने आठ वर्षांत साधं ख्रिसमस कार्ड पाठवलं नव्हतं. बोर्डातल्या एका सभासदाचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. थिओडोरा आमची म्होरकी, शहरात बस चालवते. तिला तो म्हणाला होता, "हॉल भरलेला दिसू दे, मग मी हात वर करतो."

मंगळवारी सकाळी मी कॉफी घेऊन यादीपुढे बसले. तीन फोन केले, तीन खुणा केल्या.

गुरुवारी हॉलच्या मागच्या दोन रांगा रिकाम्या राहिल्या. तो सभासद मान वळवून रिकाम्या खुर्च्यांकडे बराच वेळ बघत होता. त्याने हात वर केला नाही. एका मताने वॉर्ड गेला.

थिओडोराने जिन्यातच माझ्या पर्समधून यादी काढून घेतली.

"लोरेन, हे अकरा जण कुठे मेले?" बोलून गेली आणि तिनेच जीभ चावली. त्यातले चौघे खरोखरच आजारी होते. "यांना फोन कुणी केला?"

"डेनिसने," मी म्हणाले.

बस चालवणारी बाई, भर रस्त्यात कुणालाही शिव्या घालणारी. मला वाटलं आता घालेल. घातली असती तर बरं झालं असतं.

"चल, कोट घाल," ती म्हणाली. "बाहेर वारा आहे."

मला रडू आलं नाही. ऑक्टोबरातही आलं नव्हतं. दात काढताना डॉक्टर भुलीची सुई देतात, मग आपलाच गाल आपल्याला जाणवत नाही, तसं चार महिने चाललं होतं.

दुपारी मी कर्टिसला सगळं सांगितलं. लपवून काय करणार होते?

"किती जण आले होते?"

"वीस-बावीस. डेनिसच्या खालचे कुणीच नाही. चूक माझी. मी फ्लॅटवर फोन केला, मशीन लागलं, आणि मी खूण केली."

त्याने डोळे मिटले. मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढंच उरलं होतं.

"मीही करतो," तो म्हणाला. "नर्सने फोन आणून दिला की. मशीनवरचा डेनिसचा आवाज ऐकतो आणि ठेवतो." मग थोड्या वेळाने, "आई, बाबांकडे सूप कोण देईल गं?"

मी वाटी पुसत बसले.

शनिवारी त्याचा बाप गाडी घेऊन आला. गाडीतून उतरलासुद्धा नाही. मीच कर्टिसला मागच्या सीटवर झोपवलं, पायावर गोधडी टाकली. गाडी वळली, मग मी त्याचे कपडे आणायला फ्लॅटवर गेले. ते पोस्टाने पाठवायचे होते.

मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. मी बटण दाबलं. आधी कर्टिसच्या मुक्या फोनांची खरखर, पाच-सहा वेळा. मग माझा आवाज आला, एक्स्चेंजमधला, स्वच्छ.

"गुरुवार, सकाळी दहा. काउंटी बिल्डिंग, दुसरा मजला. खालच्या अकरांना कळव." मग जरा थांबून, "डेनिस, जेवलास ना रे?"

हे मी बोलले होते. मला अजिबात आठवत नव्हतं.

मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसले. किती वेळ ते सांगता यायचं नाही. गाल जाणवायला लागला की किती दुखतं, ते विसरले होते मी.

उठल्यावर मी यादी काढली. डेनिसचं नाव खोडलं आणि वर माझं लिहिलं. मग त्याच्याच फोनवरून पहिला नंबर फिरवला. पलीकडे वॉल्टर होता, अकरांतला सगळ्यात आजारी.

"कोण, डेनिसची आई? बरेच दिवस त्याचा फोन नाही. कसा आहे तो?"

"वॉल्टर," मी म्हणाले, "निरोप आहे. नीट ऐक, आणि मला उलट म्हणून दाखव. डेनिस गेला."

पलीकडे रेडिओ बंद झाला.

"डेनिस गेला," वॉल्टर म्हणाला.

मी त्याच्या नावापुढे खूण केली.