मिटवायचा चहा

पुष्पावती मॅडमचा चहा अख्ख्या कॉलेजात गाजलेला होता. पोरांची हाणामारी असो की होस्टेलातली धुसफूस, मॅडम दोघांना केबिनमध्ये बोलवायच्या, चहा मागवायच्या आणि एकाचा कप दुसऱ्याच्या हातानं द्यायला लावायच्या. कप रिकामे झाले की भांडण मिटलं. कागद नाही की पोलीस नाही. तक्रार समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांना याचा केवढा अभिमान! आसपासच्या गावांतली मोठी माणसंही असंच मिटवत आली होती.

पण सोमवारी जे झालं, त्याला भांडण म्हणायचं का, तुम्हीच सांगा. दुसऱ्या वर्षाची सबिहा लायब्ररीत वाचत बसलेली. कॉलेजातल्याच ओमनं मागून येऊन तिच्या डोक्यावरचा स्कार्फ खेचला, "हे इथं चालणार नाय, चालती हो तुमच्या देशात," म्हणून ओरडला, आणि त्याच्या दोस्तानं मोबाईलवर शूटिंग केलं. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावभर. तिचा देश म्हणे! पोरगी तिसगावात जन्मली, तिसगावातच वाढली. पण ओम पडला संस्थेच्या संचालकांचा पुतण्या. प्राचार्यांचा लगेच फोन, "मॅडम, तुमचा तो चहा करून टाका बरं."

मॅडमनी चहा मागवला.

सबिहाचे वडील अल्लाबक्ष तिसगावात शिवणकाम करायचे. खुर्चीच्या अगदी कडेला टेकून, हातातली टोपी चुरगाळत ते म्हणाले, "मिटवून टाका मॅडम. अन् पोरीचा दाखला द्या. आमाला गावात ऱ्हायचं हाय. शिकली तेवढं लई झालं."

सबिहानं एकदाच वडिलांकडं पाहिलं. पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत वर्गात पहिली आलेली पोरगी ती. आज दाखला निघाला तर घरीच बसणार होती.

ओमनं "सॉरी" म्हणत कप तिच्यापुढं सरकवला आणि स्वतःचा चहा भुरके मारत पिऊ लागला. जणू लग्नाला आला होता.

"घे बाळ," मॅडम म्हणाल्या, "दोन घोट घे."

"मॅडम, मी कुणाशी भांडले का?" सबिहानं कप तसाच ठेवत विचारलं. "मी तर पुस्तक वाचत होते."



"राहीलनं घेतला होता ना चहा, गेल्या वर्षी? या ओमच्या टोळीनंच त्याला कँटीनमधून हाकललं होतं, इथं तुमच्यासारख्यांनी बसायचं नाही म्हणून. चहा झाला, मिटलं. आता राहील कुठाय, मॅडम?"

मॅडमना माहीत नव्हतं. अगदी खरं सांगायचं तर, तो दिसत नाही हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"केडगावला टेम्पोवर असतो. चहा प्याला आणि पंधरा दिवसांत कॉलेज सोडलं. हे मात्र इथंच आहेत."

किती भांडणं मिटवली ते मॅडम मिरवत होत्या. चहा पिऊन गेलेलं पोर पुन्हा वर्गात आलं का, हे बघायला कधी उठल्या होत्या? त्यांना स्वतःची लाज वाटली, अशी वाटली की वर बघवेना.

"ओम, कप खाली ठेव."

"मॅडम, काकांना फोन लावू का?"

"लाव. आणि सांग, मी पोलीस ठाण्यात निघाले. तो व्हिडिओ माझ्याकडं आहे."

मग त्या अल्लाबक्षकडं वळल्या. "दाखला कुणाच्या हातात द्यायचा ते ठरेल, भाऊ. हिच्या हातात मी देणार नाही. तुमची भीती खोटी नाही, कळतं मला. पण तक्रारीवर पहिली सही माझी असेल, तिची नंतर."

अल्लाबक्षनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते दोघींच्या मागं चालू लागले. वाटेत मॅडमनी सबिहाकडून राहीलचा नंबर मागून घेतला. दोनदा लावला, त्यानं उचलला नाही. पुन्हा लावायचा असं त्यांनी ठरवलं.

ठाण्यातल्या हवालदारानं व्हिडिओ पाहिला, कपाळ खाजवलं आणि गोड आवाजात म्हणाला, "कॉलेजची पोरं आहेत हो मॅडम. कशाला वाढवायचं? बसा, समोरच्या पार्टीला बोलावतो. तोवर चहा सांगू ना?"

मॅडम तोंड उघडणार, तेवढ्यात मागनं अल्लाबक्ष पुढं झाले. टोपी डोक्यावरच होती.

"चहा ऱ्हाऊ द्या सायेब," ते म्हणाले. "आदी लिवून घ्या."