शिलाई मशीनच्या खणातली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. आज माझ्या पोटात बटणे खुळखुळतात, पण एके काळी माझ्यात लहान मुलांच्या न्यूमोनियावरचे औषध होते. हसू नका. तेव्हा माझा थाट काही औरच होता.

कारखान्यात माझ्यात गोड वासाची भुकटी भरली आणि मी औषधाच्या दुकानात येऊन बसले. एके दिवशी एक आई घाईघाईने आली. तिच्या मुलीला, म्हणजे ताईला, न्यूमोनिया झाला होता. दुकानदार तिला म्हणाला, "उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला आणि सांगितलेले सगळे दिवस द्या. मग उरलंसुरलं टाकून द्यायचं बरं का! भिजवलेलं औषध टिकत नाही."

मी जीव तोडून काम केले. लवकरच ताईचा ताप उतरला आणि ती कॉटवर उड्या मारू लागली. "गुणाची गं बाटली!" असे म्हणत आईने मला पुसले, तेव्हा मी फुलून गेले. पण तिथेच माशी शिंकली.

"आता कशाला उगाच औषध?" आई म्हणाली. "राहू दे. टिंगूला कधीतरी उपयोगी पडेल."

टिंगू म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. आई घरी कपडे शिवायची आणि तिच्या हातून चिंधीसुद्धा टाकली जात नसे. सुटी बटणे, संपत आलेली रिळे, तुटक्या चेन, सारे मशीनच्या खणात जाई. मीही गेले.

मित्रांनो, तो खण म्हणजे कोठडीच होती. आत अंधार आणि उकाडा. मशीन सुरू झाले की हाडे खिळखिळी होत. माझे औषध तळाशी बसले, पिवळे पडले, त्याला उग्र वास येऊ लागला. मला सगळे कळत होते, पण टोपण घट्ट आवळलेले! तोंड दाबून बुक्क्यांचा मार. खण उघडला की वाटे, आता तरी ही मला फेकून देईल. आई बटण उचले आणि खण लावून टाकी.

एका दुपारी मला टिंगूचा खोकला ऐकू आला. मागोमाग त्याचा भराभर चालणारा श्वासही.

"थांब रे राजा, आपल्याकडे रामबाण औषध आहे!"

खण उघडला. ज्या उजेडासाठी मी झुरले होते, त्याचीच मला भीती वाटली. आईने मला हलवले. मी औषधाचा गोळा तळाशी धरून ठेवायची धडपड केली, पण थोडे चमच्यात उतरलेच. टिंगूने ते फुर्रकन थुंकले. ताईने सवयीने चमचा चाटला.

"शी! आई, हे माझं औषध नाहीये. माझं गोड होतं."

"नखरे नकोत गं."

"तूच चाखून बघ ना!"

आईने बोट लावून चाखले आणि तिचा चेहरा उतरला. तिने टिंगूचा सदरा वर केला. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. सुईखालचा कपडा तसाच टाकून, टिंगूला खांद्यावर आणि मला पिशवीत घेऊन ती ताईसह दवाखान्यात धावली.

डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात धरले. "हे आता औषध राहिलेलं नाही. याच्या भरवशावर बसला असतात, तर पोर हाती लागलं नसतं."

आईला रडू फुटले. मलाही फार वाईट वाटले, पण कुणीतरी एकदाचे खरे बोलले होते. टिंगूला प्राणवायू लावला, इंजेक्शने दिली. तो वाचला आणि नवी बाटली घेऊन घरी आला. थोड्याच दिवसांत तो घरभर धुडगूस घालू लागला.

"आता बस ना औषध? बरा झालाय तो," ताई म्हणाली.

"शिवणीच्या शेवटी गाठ मारली नाही तर काय होतं?"

"उसवते."

"मग? आ कर रे टिंगू!"

मित्रांनो, ताप गेला म्हणून औषध अर्ध्यावर सोडू नका आणि उरलेले दुसऱ्यासाठी जपून ठेवू नका. आम्हा बाटल्यांना ओरडता येत नाही हो.

दवाखान्यात मला रिकामे केले, तरी आईने मला घरी आणलेच. घासूनपुसून माझ्यात बटणे भरली आणि पुन्हा त्याच खणात ठेवले. पण चुकूनही कुणी मला औषध समजू नये, म्हणून माझे टोपण मात्र तिने केरात टाकले. त्या घरातून टाकली गेलेली ती पहिलीच वस्तू.